चित्र साठवावे की चित्राचा नियम?

मध्य प्रदेशात नागपूर-छिंदवाडा मार्गावर, सौंसर तालुक्यात, बोरगाव आहे. गोव्याप्रमाणेच हा पट्टाही महाराष्ट्राच्या सीमेबाहेरचा आणि तरीही मराठी बोलणारा. सौंसर व पांढुर्णा हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. भोवताली संत्र्याच्या बागा, कापसाची शेते आणि बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत सुटाचे कापड तयार करणारा रेमंडचा कारखाना, असा हा मुलूख. ‘चलचित्रांचे फ्रॅक्टल संपीडन’ या भारदस्त नावाच्या विषयाचा जन्म येथे झालेला नाही. तो झाला अमेरिकेतील विद्यापीठांत. मात्र हा विषय उलगडण्यासाठी लागणारे बहुतेक दृष्टान्त या एका परिसरात हाताशी सापडतात. आणि या तंत्राने उभा केलेला प्रश्न माणसाच्या जिवाशी कोठे येऊन भिडतो, तेही येथेच दिसते.

संपीडन म्हणजे माहिती दाबून लहान करणे. मोबाइलवर आलेले लग्नाचे चित्रीकरण, दूरचित्रवाणीवरील सामना, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याची नोंद, यांपैकी काहीही संपीडनावाचून आपल्यापर्यंत पोहोचत नाही. लहान करताना काय ठेवायचे आणि काय टाकून द्यायचे, याचा निर्णय कोणीतरी आपल्या वतीने घेतलेला असतो. तो कसा घेतला जातो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तागा आणि त्याची वीण

चौकडीच्या कापडाचा शंभर मीटरचा एक तागा आहे, असे समजू या. त्याचे वर्णन दूरच्या एका विणकराला कळवायचे आहे. एक मार्ग असा की, प्रत्येक धाग्याचा रंग आणि प्रत्येक ठिकाणी कोणता धागा वर व कोणता खाली, हे क्रमाने लिहीत जायचे. वह्यांच्या वह्या भरतील. दुसरा मार्ग सोपा आहे. एका चौकडीतील उभ्या-आडव्या धाग्यांचा क्रम लिहायचा आणि खाली एकच सूचना द्यायची, ‘हेच शंभर मीटरपर्यंत पुन्हा पुन्हा.’ एवढ्या मजकुरावरून विणकर सारा तागा तंतोतंत उभा करील. कापड न पाठवता कापडाचा नियम पाठवणे, हे संपीडनाचे सार होय.

चित्रांच्या बाबतीत याची गरज किती मोठी आहे, ते साध्या हिशेबावरून कळते. चलचित्र ही स्थिर चित्रांची मालिका असते. त्यातील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. ‘फुल एचडी’ फ्रेममध्ये रुंदीला १,९२० आणि उंचीला १,०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके किंवा पिक्सेल असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने एका मिनिटाचे चलचित्र ९३३ कोटी बाइटांचे, म्हणजे नऊ गिगाबाइटांहून मोठे होते. तासाभराला ५६० गिगाबाइट! प्रत्यक्षात तासाभराचे चलचित्र एक-दोन गिगाबाइटांत फोनवर येते. मूळ माहितीच्या शेकडो भागांपैकी एखादाच भाग प्रवासाला निघतो. उरलेले चित्र फोन स्वतः नव्याने रचतो.

किनाऱ्याची लांबी, संत्र्याची फांदी

कापडातील पुनरावृत्ती यंत्रासारखी अचूक असते. निसर्गातील पुनरावृत्ती वेगळी. संत्र्याच्या झाडाची फांदी तोडून जमिनीत उभी केली, तर ती एखाद्या छोट्या झाडासारखी दिसते. त्या फांदीची डहाळी फांदीसारखी आणि डहाळीवरचा काटक्यांचा झुबका पुन्हा डहाळीसारखा. कोणतीही दोन अंगे हुबेहूब सारखी नसतात, पण लहान अंग मोठ्या अंगाची आठवण करून देते. या गुणाला स्वसादृश्य म्हणतात.

या गुणाकडे गणिती दृष्टीने पाहण्याची सवय बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने जगाला लावली. ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा वरवर बाळबोध प्रश्न त्यांनी १९६७ साली एका निबंधात विचारला होता. मोजपट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब, असे त्याचे उत्तर निघते. भारतालाही याचा प्रत्यय आला आहे. देशाच्या किनाऱ्याची लांबी कित्येक दशके ७,५१६ किलोमीटर अशी सांगितली जात होती. अलीकडच्या फेरमोजणीनंतर ती ११,०९८ किलोमीटर असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. देशाची भूमी वाढली नव्हती; अधिक बारकाव्याने मोजताना खाड्या, नदीमुखे आणि वळणे हिशेबात आली होती. मांडवी-झुआरीच्या मुखांशी ज्यांची नित्य ओळख आहे, त्या गोमंतकीयांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा तुटक, खडबडीत, प्रत्येक पातळीवर नवा तपशील दाखवणाऱ्या आकारांना मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले.

मायकेल बार्न्स्ली या गणितज्ञाने ही कल्पना उलट दिशेने वापरली. नियमातून आकार उगवत असेल, तर आकारातून नियम का शोधू नये? पावसाळ्यात चिऱ्यांच्या कुंपणांवर उगवतो तसा नेचा त्यांनी केवळ चार नियमांत बसवून दाखवला. ‘संपूर्ण चित्र एवढे लहान करा, एवढे कलते करा आणि या जागी ठेवा’, अशा स्वरूपाचा प्रत्येक नियम सहा संख्यांत लिहिता येतो. चार नियमांच्या मिळून २४ संख्या, आणि त्यांतून अगणित पर्णिकांचा नेचा!

जानेवारी १९८८ मध्ये ‘बाइट’ या संगणकविषयक मासिकात बार्न्स्ली व त्यांचे सहकारी अ‍ॅलन स्लोन यांनी या पद्धतीने चित्रे दहा हजार पटींनी लहान करता येतात, असा दावा केला. खळबळ उडणे स्वाभाविक होते. परंतु त्या दाव्यामागची चित्रे निवडक होती आणि त्यांचे नियम शोधण्यासाठी माणसाची बुद्धी व संगणकाचे कित्येक तास खर्ची पडत. नेच्यात छोटे नेचे असतात, पण माणसाच्या चेहऱ्यात छोटे चेहरे नसतात. सामान्य छायाचित्राचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच.

तुकड्याला तुकड्याची उपमा

त्याचे उत्तर बार्न्स्ली यांचे विद्यार्थी आर्नो जॅकिन यांनी जॉर्जिया टेक या संस्थेतील १९८९ च्या प्रबंधात दिले. चेहऱ्यात चेहरा नसेल. पण गालावर उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार कपाळावरील उताराशी जुळतो, टोपीची कड खांद्याच्या कडेशी जुळते. पूर्ण चित्राचे सादृश्य शोधण्याऐवजी एका तुकड्याचे दुसऱ्या तुकड्याशी असलेले सादृश्य शोधावे, ही त्यांची युक्ती.

रुंदीला २५६ आणि उंचीला २५६ ठिपके असलेले एक कृष्णधवल चित्र घेऊ. त्याचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे १,०२४ लहान चौकोन होतात. आता प्रत्येक लहान चौकोनासाठी त्याच चित्रात १६ गुणिले १६ ठिपक्यांचा असा मोठा चौकोन शोधायचा, जो निम्मा करून, फिरवून किंवा उलटा करून आणि त्याचा उजेड कमी-अधिक करून लहान चौकोनाशी जास्तीत जास्त जुळेल. जुळणारा सापडला की लहान चौकोनाचे ठिपके विसरून जायचे. मोठा चौकोन कोठला, कसा फिरवला आणि उजेडात काय बदल केला, एवढेच टिपून ठेवायचे. ही टिपणी ३१ बिटांत मावते. सर्व चौकोनांच्या मिळून ३,९६८ बाइट होतात. मूळ चित्राचे होते ६५,५३६. सुमारे साडेसोळा पट बचत झाली. दहा हजार पटींच्या स्वप्नापुढे हा आकडा लहान असला, तरी तो कोणत्याही चित्राला लागू पडणारा होता.

या टिपणीत चित्राचा एकही ठिपका नाही. प्रत्येक चौकोन दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसराही अजून कोरा आहे. मग चित्र परत मिळते कसे? पोलिश गणितज्ञ स्तेफान बानाख यांचा १९२२ चा सिद्धान्त येथे मदतीला येतो. पणजीत जमिनीवर गोव्याचा नकाशा अंथरला, तर त्यावरील एक बिंदू, आणि एकच बिंदू, नेमका आपण दाखवीत असलेल्या खऱ्या जागेवर पडतो. गोवा लहान करून गोव्यातच ठेवला, की एक ठिकाण जागचे हलत नाही. चित्राचेही तसेच. आकुंचन पावणारे नियम पुन्हा पुन्हा लावत गेले, की न हलणारे एकच चित्र शिल्लक राहते. आरंभ कोऱ्या पानापासून करा किंवा मंगेशीच्या दीपमाळेच्या छायाचित्रापासून. आठ-दहा फेऱ्यांनंतर दोन्हींतून तेच मूळ चित्र उमटते.

महामार्गावरील ट्रक

आता स्थिर चित्राकडून चलचित्राकडे येऊ. बोरगावजवळ महामार्गाकडे तोंड करून एका खांबावर कॅमेरा बसवला आहे, अशी कल्पना करा. संत्र्यांनी भरलेला ट्रक डावीकडून उजवीकडे जातो. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात रस्ता, झाडे, आभाळ जसेच्या तसे राहतात. ट्रक तेवढा थोडा पुढे सरकतो. एका फ्रेमच्या आत सादृश्य असतेच, पण लागोपाठच्या दोन फ्रेमांत ते कितीतरी अधिक असते. या दुसऱ्या सादृश्याचा उपयोग फ्रॅक्टल पद्धतीत कसा करायचा, यावर १९९० च्या दशकात पुष्कळ काम झाले.

प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र मानून तिचे नियम शोधणे, हा पहिला आणि सर्वांत भोळा मार्ग. यात काळाच्या दिशेने असलेले सादृश्य वाया जाते.

दुसऱ्या मार्गात फ्रेमा पत्त्यांच्या कॅटासारख्या एकावर एक रचल्या जातात. त्यांचा ठोकळा बनतो. लांबी व रुंदी चित्राची, तर उंची काळाची. मग चौकोनांच्या जागी छोटे ठोकळे येतात आणि लहान ठोकळ्याला जुळणारा मोठा ठोकळा शोधला जातो. लाझार आणि ब्रुटन या संशोधकांनी १९९४ साली ही पद्धत मांडली. न हलणारा रस्ता यात फारच स्वस्तात बसतो. धावणारा ट्रक मात्र ठोकळ्यात तिरपा पट्टा होऊन पसरतो आणि त्याला जोडीदार मिळणे कठीण जाते.

तिसऱ्या मार्गात प्रत्येक फ्रेम आपला जोडीदार तुकडा आधीच्या फ्रेममध्ये शोधते. ट्रकचे चाक मघाच्या फ्रेममध्ये चार बोटे मागे होते, एवढे सांगितले की काम भागते. पण पहिल्या फ्रेमने कोणाकडे पाहायचे? कोरियातील किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्यावर रिंगणाचा तोडगा सुचवला. काही फ्रेमांचा गट घ्यायचा आणि पहिलीने शेवटचीकडे पाहायचे. रिंगणातील कोणतीही फ्रेम प्रत्यक्ष साठवलेली नसते. तरीही नियम लावत रिंगणाभोवती काही फेऱ्या घातल्या की सर्व फ्रेमा एकदमच आकाराला येतात. एकदा हा पहिला गट हाती आला, की पुढच्या फ्रेमांना तयार चित्राचा आधार मिळतो आणि आकुंचनाची अटही सैल करता येते.

सुंदर कल्पनेचा पराभव

इतकी देखणी कल्पना आज आपल्या फोनमध्ये का नाही? पहिले कारण वेळेचे. वर उल्लेखिलेल्या छोट्या चित्रात मोठ्या चौकोनाच्या ५८,०८१ संभाव्य जागा आहेत आणि प्रत्येकाची फिरवाफिरव आठ प्रकारांनी होते. लहान चौकोन १,०२४. सर्व तुलना करायच्या म्हटल्या तर त्या ४७ कोटींहून अधिक होतात. फुल एचडी फ्रेममध्ये ठिपके एकतीस पटींहून अधिक असतात, पण तुलना वाढतात जवळजवळ हजार पटींनी. आणि अशा फ्रेमा सेकंदाला पंचवीस. शोध आटोपता घेण्याच्या युक्त्या निघाल्या, तरी प्रत्येक युक्तीबरोबर चित्राची प्रत थोडी उतरत गेली.

उलगडणे मात्र सोपे असल्याने, एकदाच दाबून लाखो वेळा पाहायच्या चित्रांना ही पद्धत मानवली. मायक्रोसॉफ्टच्या ‘एन्कार्टा’ या १९९३ च्या विश्वकोशातील छायाचित्रे एका सीडीत मावली, ती याच तंत्रामुळे. परंतु खांबावरच्या कॅमेऱ्याला आणि दूरध्वनीवरील चित्रसंवादाला इतकी उसंत नसते.

दुसरे कारण प्रतिस्पर्ध्याचे. बेंगळुरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली एक वेगळी रीत मांडली होती. तानपुऱ्याचा सूर जसा अनेक स्वरांशांचा मिळून बनतो, तसा चित्राचा प्रत्येक चौकोन संथ व द्रुत लहरींच्या बेरजेतून मांडायचा आणि डोळ्याला जाणवत नाहीत अशा बारीक लहरी गाळून टाकायच्या. हे गणित दोन्ही बाजूंना झटपट होते. १९९२ चे जेपेग व १९९३ चे एमपेग ही मानके त्यावर उभी राहिली आणि २००३ चे एच.२६४ हेदेखील त्याच घराण्यातले. ही मानके सर्वांसाठी प्रसिद्ध होती. फ्रॅक्टल पद्धतीची महत्त्वाची एकस्वे एका कंपनीकडे होती. चित्राच्या प्रतीतही फ्रॅक्टल पद्धत निर्विवाद सरस ठरली नाही, तेव्हा उद्योगाने आपली वाट निवडली.

दगड कोठे गेला?

ही कथा येथे संपली असती, तर तिचे महत्त्व इतिहासापुरते उरले असते. पण फ्रॅक्टल पद्धतीचा एक गुण असा आहे, की तो आजच्या वाचकाने समजून घ्यायलाच हवा. नियमांना आकारमान नसते. २५६ ठिपक्यांच्या चित्राचे नियम १,०२४ ठिपक्यांच्या पानावर लावले, तर चौपट रुंद चित्र मिळते. तेही धूसर नव्हे, तर रेखीव कडांचे. मूळ कॅमेऱ्याने न टिपलेला तपशील त्यात दिसू लागतो. तो आला नियमांतून. ‘मोठ्या तुकड्यात असे आहे, त्याअर्थी लहानातही असेच असावे’, हा तो अंदाज असतो. जाहिरातीच्या फलकाला असा अंदाज चालतो. साक्षीला चालत नाही.

बोरगाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयी, पांढुर्ण्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांचे लोक परस्परांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. आजवर मृत्यूही झाले आहेत. अशा प्रसंगाच्या चित्रीकरणात हजारो माणसे एकाच वेळी हलत असतात आणि दगड म्हणजे तीन-चार ठिपक्यांचा, दोन-तीन फ्रेमांपुरता डाग असतो. लहान, क्षणिक आणि पूर्वसूचना न देता येणारी गोष्ट कोणत्याही संपीडनात सर्वांत आधी बळी जाते. लहरींच्या पद्धतीत त्या जागी ओबडधोबड चौकटी किंवा पुसट डाग उरतो आणि काहीतरी हरवल्याचे पाहणाऱ्याला निदान कळते. फ्रॅक्टल पद्धतीत तेथे दुसरीकडचा मिळताजुळता तुकडा येऊन बसू शकतो. चित्र नीटनेटके दिसते आणि शंकाच येत नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र ‘स्पष्ट’ करून देणारी साधने हाच धोका अधिक मोठ्या प्रमाणावर घेऊन आली आहेत. फ्रॅक्टल पद्धत निदान त्याच चित्रातला तुकडा उसना घेत असे. ही साधने लाखो परक्या चित्रांवरून शिकलेला तपशील भरतात. धूसर क्रमांकपाटीवर त्यांनी काढलेला ठळक आकडा ही नोंद नव्हे, तो तर्क आहे.

चित्रीकरणावर निकाल अवलंबून असल्याची उदाहरणे मराठी मुलखाला नवी नाहीत. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणापर्यंत पोहोचला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तर फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावे लागते. हॅश हा जणू फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक बिट बदलला तरी तो बदलतो. फाइलमध्ये नंतर फेरफार झाला नाही, हे त्यावरून ताडून पाहता येते. मात्र नोंद होत असतानाच कॅमेऱ्याने काय गाळले, ते हॅश सांगू शकत नाही.

म्हणून घराला, दुकानाला किंवा गृहनिर्माण संस्थेला कॅमेरे बसवताना किती दिवसांची नोंद मावते, एवढेच विचारून भागत नाही. तेवढे दिवस मावावेत म्हणून चित्र किती दाबले जाते, हेही विचारावे. अपघात किंवा गुन्हा घडला, तर रेकॉर्डरमधील मूळ फाइल जशीच्या तशी उतरवून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून चलचित्र म्हणून पुढे धाडलेली प्रत पुन्हा एकदा दाबली गेलेली असते. आणि कोणी चित्र ‘सुधारून’ दिले, तर मूळ चित्रही सोबत मागावे.

फ्रॅक्टल पद्धत बाजारात हरली, तरी तिच्या गाभ्याशी नाते सांगणारा विचार टिकून आहे. संगणकाच्या पडद्याचे चित्रीकरण दाबताना एव्ही१ सारखी आधुनिक मानके त्याच फ्रेममधील आधीचा तुकडा उचलून दुसरीकडे वापरतात. पडद्यावर तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येत असल्याने ते तेथे शोभतेही. तागा नियमाने सांगता येतो, कारण तो नियमानेच विणलेला असतो. नदीपात्रावरून उडालेला दगड कोणत्याही नियमाने आलेला नसतो. तो कॅमेऱ्याने पाहिला असेल तरच चित्रात असायला हवा.